जोड

कर्कॉडीहून इथवर पंचवीस मैल.
बाबांना यायला एकोणऐंशी वर्षं लागली.
"आपल्यासारख्यांचं काय अडलंय तिथं," म्हणायचे,
आणि गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या बांधून
निघायचे, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
लिनोलियम अंथरायला.

आज गाडीत पुढच्या सीटवर बसलेत, चक्क टाय बांधून.
मागे ग्रिअर, कानात बोळे, खिडकीकडे तोंड.
इनिस माहितीपत्रक वाचतोय मोठ्यानं,
एक सोडून एक शब्द चुकीचा.

आधी कॅथेड्रल.
छप्पर चारशे वर्षांपूर्वीच गेलंय,
उरलेल्या भिंती आभाळाला टेकू देत उभ्या.
सगळे माना वर करून बघत होते.
बाबा खाली बघत होते.
"फरशीसुद्धा नेली मेल्यांनी," एवढंच बोलले.

मग किल्ला. कातळात खोदलेली कोठडी,
बाटलीसारखी: तोंड अरुंद, पोट मोठं.
इनिसनं आत ओरडून स्वतःचं नाव टाकलं,
ते बराच वेळ वर येईना.
लॉर्न मनोऱ्याच्या जिन्यात अडकला, पोटापाशी.
वरून उतरणाऱ्या दोन म्हाताऱ्या
त्याला धीर देत देत पाठीमागं नेत होत्या,
आणि मी हसू दाबायला
भलत्याच थडग्यावरची अक्षरं वाचत राहिले.

समुद्रावरून हार आला.
इकडच्या धुक्याचं नाव ते.
बंदर गेलं, धक्का गेला, सीगलचे नुसते आवाज उरले.
दुपारी तो जसा आला तसा निघूनही गेला,
कुणीतरी टेबलावरचं कापड ओढून घ्यावं तसा,
आणि खाली ते होतं.
गवत.

रविवार होता. रविवारी इथं कुणी खेळत नाही.
ज्या मैदानावर पाय ठेवायला
जगभरातले लोक चिठ्ठ्या टाकतात,
तिथं गावातली माणसं कुत्री फिरवत होती.
एक बाई बाबागाडी ढकलत होती, पुटपुटत,
कालच्या भांडणातलं शिल्लक राहिलेलं.
दगडी पुलावर फोटोसाठी रांग,
सगळ्यांचा एक पाय पुढं, हात कमरेवर.
पलीकडे चढउतारांच्या छोट्या हिरवळीला म्हणतात हिमालय.
ग्रिअर चार पौंडांत तो सर करून आली
आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

बाबा रांगेत गेले नाहीत.
खड्ड्याजवळच्या त्या गुळगुळीत हिरवळीच्या कडेला
थांबले. तिच्यावर पाय द्यायचा नाही, तसं लिहिलंय.
मग बाबा सावकाश, एकेक सांधा विचारत,
गुडघ्यावर आले.
मी धावले. वाटलं, छाती.
त्यांनी हात वर करून मला थोपवलं.

तळवा सपाट ठेवून फिरवत होते,
आधी उभा, मग आडवा,
जसा आमच्या लहानपणी
नव्या घरांच्या कोपऱ्यांतून फिरवायचे,
आणि आम्ही दारात, हातात बूट घेऊन, श्वास रोखून.
बोटं एके जागी अडली. परत मागं गेली.
नाही. तिथंही काही नव्हतं.

कुत्र्यावाला एक माणूस थांबला.
"काही हरवलं का, आजोबा?"
"जोड शोधतोय," बाबा म्हणाले.
तो माणूस हसला नाही.
"मी तीस वर्षं कापतोय हे," तो म्हणाला,
"मलाही नाही सापडला."

दोघं मिळून त्यांना उभं केलं.
त्या माणसानं नाव सांगितलं, ड्युगाल्ड की काय,
आणि कुत्र्यानं बाबांच्या टायचा वास घेतला.

परतताना गाडीत सगळे झोपले,
लॉर्नसुद्धा, पोटावर हात ठेवून.
बाबा जागे होते.
पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर हिरवे डाग.
"हे काही धुतल्यानं जायचे नाहीत," मी म्हटलं.
"बरंय," ते म्हणाले,
आणि कपारच्या पुढं, अंधार पडल्यावर,
"काम चांगलं केलंय कुणीतरी."